लख्ख आठवतंय, पण मी तिथे नव्हतोच! (किल्लारीची पहाट आणि बाबांची डायरी)

सिद्धेश्वर_तळे

नमस्कार मंडळी. गेले आठ दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतोय.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमचं घर सोलापुरातल्या जुन्या वाड्यात. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, त्यामुळे सगळे उशिरा झोपलेले. मला आठवतं ते असं: आधी मांडणीवरची भांडी खडखडली, मग पितळी डबा खाली पडून गडगडत गेला. आजोबांनी मला बखोटीला धरून अंगणात ओढलं. कडुनिंबाचा पाला सळसळत होता, पण वारा नव्हता. आजोबा उघडेच होते आणि त्यांची छाती धडधडत असलेली मला माझ्या कानाला जाणवत होती. हे सगळं मी बायकोला, मुलांना, ऑफिसात कितीतरी वेळा सांगितलंय.

मागच्या आठवड्यात बाबांचं कपाट आवरताना त्यांची १९९३ ची डायरी सापडली. त्या तारखेला बाबांच्या अक्षरात लिहिलंय: "पहाटे ४ च्या सुमारास भूकंप. घरी सर्व सुखरूप. मुले ताईकडे पुण्यास, तेथे फोन ११ वाजता लागला."

मुले म्हणजे मी आणि माझी बहीण. आम्ही विसर्जनाची मिरवणूक बघायला आत्याकडे गेलो होतो. बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, "अरे, पुण्यातच होतो की आपण!"

बाबा आता नाहीत, आजोबा तर कधीच गेले. विचारायचं कुणाला? आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे आजोबांच्या छातीची ती धडधड आली कुठून? असं कुणाच्या बाबतीत झालंय का? मानसशास्त्रात याचा काही अभ्यास झालाय का?

रानजाई

बाप रे. अंगावर काटा आला. वाचतेय.

कृष्णाकाठ

तळेसाहेब, तुमच्या बाबतीत काहीतरी गफलत झाली असेल, पण म्हणून सगळ्यांच्याच आठवणी खोट्या ठरवू नका. मी पाटण तालुक्यातला. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेची वेळ, मरणाची थंडी. आमच्या घराची मागची भिंत गेली. आईने धाकट्या भावाला गोधडीसकट उचललं. नंतर कितीतरी रात्री आम्ही शेतात पाल ठोकून झोपलो, कारण लहान धक्के थांबतच नव्हते. यातलं एक अक्षरही खोटं आहे असं मला कुणी सांगू नये.

ओसरी

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, आणि हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे. तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

अशा आठवणींना फ्लॅशबल्ब आठवणी म्हणतात. १९७७ मध्ये रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक या अमेरिकी संशोधकांनी हे नाव दिलं. त्यांनी ८० जणांना विचारलं, की केनेडींच्या हत्येची बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात. ७९ जणांना जागा, सोबतची माणसं, हातातलं काम असं सगळं आठवत होतं. मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येबद्दल मात्र अशी आठवण कृष्णवर्णीयांपैकी तीन चतुर्थांश लोकांकडे होती, तर गोऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे घटना जितकी आपली, तितकी आठवण पक्की. त्या दोघांना वाटलं, की मेंदू त्या क्षणाचा जणू फोटोच काढून ठेवतो.

पण त्यात एक त्रुटी होती. लोक सांगतात ते बरोबर आहे की नाही, हे पडताळायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. तुमच्या बाबांची डायरी नव्हती त्यांच्याकडे!

ती डायरी उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी तयार केली. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा काय करत होतात. मग अडीचेक वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. पहिल्या उत्तरांशी किती जुळतंय त्यावर सातपैकी गुण दिले. सरासरी तीनच्या आत. अकरा जणांना तर शून्य, म्हणजे एकही मुख्य गोष्ट जुळली नाही. पूर्ण सात गुण फक्त तिघांना. पण "तुम्हाला किती खात्री आहे?" याला पाचपैकी सरासरी चारच्या वर!

मला सर्वांत हलवून टाकणारा भाग पुढचा आहे. त्या मुलांना त्यांच्याच अक्षरातले जुने कागद दाखवले. तरी कुणालाही मूळ आठवण परत आली नाही. ती गेलेलीच होती.

तळे, तुम्ही डायरी वाचल्यावर पुण्याची ती पहाट आठवली का?

सिद्धेश्वर_तळे

@ओसरी, नाही. काहीच नाही. मिरवणुकीतला ढोल आणि लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी आठवते, पण ती त्याच वर्षीची की दुसऱ्या कुठल्या, ते सांगता येत नाही. डोळे मिटले की अजूनही कडुनिंबच दिसतो.

चौकार

माझे काका शपथेवर सांगतात, की कपिलची १७५ धावांची खेळी त्यांनी टीव्हीवर पाहिली. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध, १७ धावांत ५ बाद, तिथून नाबाद १७५. प्रत्येक षटकाराला शेजारचे जोशीकाका कसे ओरडले, तेही सांगतात. आता त्या सामन्याचं चित्रणच झालेलं नाही, हे जगजाहीर आहे. एकदा मी हे बोललो तर काकांनी दोन दिवस अबोला धरला.

रानजाई

@चौकार 😀 जोशीकाकांना विचारलंत का?

चौकार

विचारलं ना. त्यांनीही पाहिलीय.

मोगरा_न्यूजर्सी

चौकार, हसू नका, माझंही तेच आहे. २००१ मध्ये मी लग्न करून नुकतीच इथे आले होते. ११ सप्टेंबरला नवरा कामावर गेलेला, मी एकटी घरात. पहिलं विमान इमारतीवर आदळताना मी टीव्हीवर पाहिलं, हातातला चहाचा कप तसाच राहिला, हे मी वीस वर्षं सांगत आले. मग मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी माझी मुलाखत घेतली आणि म्हणाली, "आई, पहिलं विमान आदळताना कुठलीच वाहिनी थेट दाखवत नव्हती. ते चित्रण नंतर हाती आलं. थेट दिसलं ते दुसरं."

नंतर वाचलं, की कॅथी पेझडेक या बाईंनी यावर अभ्यासच केलाय. त्यांनी विचारलेल्या लोकांपैकी बहुसंख्यांनी मी सांगितलं तेच सांगितलं होतं. तेव्हा कुठे जरा हलकं वाटलं. पण त्या दिवशी मी खरंच काय पाहिलं, हे आता मला कधीच कळणार नाही याचं वाईट वाटतं. परक्या देशातला माझा तो पहिला मोठा दिवस होता.

ओसरी

@मोगरा, तुमचं शेवटचं वाक्य फार खरं आहे.

खुद्द नायसर यांचीच एक गोष्ट सांगते. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते. घराच्या दिवाणखान्यात रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत असताना मध्येच बातमी आली, ही त्यांची लख्ख आठवण. कितीतरी वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की डिसेंबरात बेसबॉल नसतोच! १९८२ मध्ये त्यांनी हे लिहिलं. मग दुसऱ्या दोघा संशोधकांनी शोध घेतला, तर त्या दुपारी रेडिओवर न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स यांचा फुटबॉल सामना होता. ब्रुकलिन डॉजर्स याच नावाचा प्रसिद्ध बेसबॉल संघही होता. म्हणजे रेडिओ खरा, सामना खरा, नाव खरं, फक्त खेळ बदलला.

कृष्णाकाठ

@ओसरी ताई, हे सगळे लोक बातमी ऐकणारे आहेत. टीव्हीवर पाहिलं, रेडिओवर ऐकलं. माझ्या घराची भिंत पडली होती. बातमी ऐकणं आणि अंगावर माती पडणं यांत फरक नाही का? एमरीच्या पोरांना दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल, आम्हाला घरच नव्हतं.

ओसरी

कृष्णाकाठ काका, तुम्ही अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. याच फरकावर नायसर यांनी पुढे काम केलं, आणि ते तुमच्या बाजूने जातं.

१७ ऑक्टोबर १९८९ ला कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. त्यांनी तिथल्या, म्हणजे प्रत्यक्ष हादरा बसलेल्या विद्यार्थ्यांचे आणि दूर अटलांटात फक्त बातमी ऐकलेल्या विद्यार्थ्यांचे जबाब लगेच घेतले, आणि सुमारे दीड वर्षाने पुन्हा घेतले. कॅलिफोर्नियावाल्यांच्या आठवणी जवळजवळ तंतोतंत जुळल्या. अटलांटावाल्यांच्या बऱ्याच घसरल्या. आणि कारण भीती नव्हे! जे जास्त घाबरले त्यांना जास्त आठवलं, असं दिसलं नाही. संशोधकांचा अंदाज असा, की ज्यांनी ते अनुभवलं ते एकमेकांना पुन्हापुन्हा सांगत राहिले, आणि सांगून सांगून गोष्ट पक्की झाली.

दुसरा अभ्यास डेन्मार्कचा. जर्मनांनी एप्रिल १९४० मध्ये देश ताब्यात घेतला आणि मे १९४५ मध्ये तो मुक्त झाला. त्या दोन दिवसांबद्दल सत्तरी-ऐंशीतल्या डॅनिश लोकांना साठेक वर्षांनी विचारलं: वार कोणता होता, हवा कशी होती, रेडिओवर घोषणा किती वाजता झाली. या गोष्टी जुन्या नोंदींवरून तपासता येतात. म्हातारी माणसं चांगलीच अचूक निघाली, आणि ज्यांचा प्रतिकार चळवळीशी संबंध होता ती तर आणखी अचूक.

तुम्ही वर "सोमवार" लिहिलंत ना? मी आत्ता कॅलेंडर काढून पाहिलं. ११ डिसेंबर १९६७ ला सोमवारच होता.

कृष्णाकाठ

मी सांगितलं होतं. धन्यवाद ताई. आईला जाऊन बारा वर्षं झाली, पण ती गोधडी खरी होती एवढं तुम्ही आज मला परत दिलंत.

नदीकाठचा_वाडा

आमची आजी पानशेतची आठवण सांगायची. १२ जुलै १९६१, धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि पाणी नारायण पेठेत शिरलं. आजीच्या सांगण्यात पाणी दर वर्षी थोडं वर चढायचं. मी लहान असताना ते जिन्याच्या अर्ध्यावर होतं, मी कॉलेजात गेलो तेव्हा माजघराच्या तुळईला लागलं होतं. पुढे वाडा पाडायच्या वेळी भिंतीचा रंग खरवडला, तेव्हा पाण्याची खरी रेघ दिसली. जिन्याच्या चौथ्या पायरीला. आजी रेघेकडे बघत बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "होय, इथवरच होतं. पण घाबरलो होतो ना रे."

पंचनामा

जिल्हा न्यायालयात वकिली करतो. तुम्ही घरच्या आठवणींबद्दल बोलताय. मी अशा आठवणींवर माणसं तुरुंगात जाताना पाहतो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९८४ मध्ये जेनिफर थॉम्पसन या तरुणीवर बलात्कार झाला. त्या अवस्थेतही तिने ठरवून त्या माणसाचा चेहरा न्याहाळला, की हा वाचता कामा नये. पोलिसांनी फोटो दाखवले, तिने रोनाल्ड कॉटनचा फोटो निवडला. मग प्रत्यक्ष रांगेतही त्यालाच ओळखलं. आणि पोलिसांनी तिला सांगितलं, की फोटोतही तू याच माणसाला निवडलं होतंस. झालं! आधी जी थोडी चाचपडत होती ती आता ठाम झाली. कॉटनला जन्मठेप झाली. दहा वर्षांहून अधिक काळ तो आत होता. १९९५ मध्ये डीएनए तपासणीत निष्पन्न झालं, की गुन्हेगार बॉबी पूल नावाचा दुसराच माणूस होता. मधल्या फेरसुनावणीत हा पूल तिच्यासमोर कोर्टात उभा केला होता. तिने त्याला ओळखलं नाही. तोवर तिच्या आठवणीत कॉटनचाच चेहरा बसला होता. ती खोटं बोलत नव्हती, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे ओळख परेड दंडाधिकाऱ्यांसमोर होते, पण कायद्याच्या दृष्टीने मुख्य पुरावा म्हणजे साक्षीदाराने कोर्टात केलेली ओळख. परेड फक्त तिला दुजोरा देते. आणि कोर्टात ती वेळ येते तेव्हा मध्ये कित्येक वर्षं गेलेली असतात. तेवढ्यात साक्षीदाराने आरोपीचा फोटो पेपरात पाहिलेला असतो, गावात चर्चा ऐकलेली असते. माझ्या एका खटल्यात बाई तळमळून सांगत होती, "साहेब, हा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? आणि आरोपी दुसरा निघाला तर? मला त्या रात्री झोप आली नव्हती.

रानजाई

@पंचनामा, यावर काही बोलताच येत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस यांचा गाड्यांच्या धडकेचा प्रयोग याच संदर्भातला ना? "स्पर्श झाला" की "जोरात आदळल्या", नुसत्या क्रियापदावर लोक वेग जास्त-कमी सांगतात, तो?

पंचनामा

तोच. १९७४ चा. एकच फिल्म दाखवून "एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता" असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी ४० मैलांच्या वर, "स्पर्श झाला" म्हटलं तर ३२ च्या आत. पुढे तसाच दुसरा प्रयोग केला आणि आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. जोराचा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती दिसली होती. उलटतपासणी घेताना माझ्या तोंडी कोणतं क्रियापद येतंय, याकडे मी तेव्हापासून लक्ष ठेवतो.

खडा_सवाल

थोडा विरोधी सूर लावतो. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तर साधारण एक तृतीयांशच पहिल्यासारखे टिकले. मग ४४ विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगावरून एवढा निष्कर्ष कसा काढायचा?

ओसरी

@खडा_सवाल, हा प्रश्न मी दर वर्षी वर्गात स्वतःहून काढते. शंका रास्त आहे. म्हणूनच एका प्रयोगावर थांबायचं नाही.

ड्यूक विद्यापीठात जेनिफर तालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी १२ सप्टेंबर २००१ लाच ५४ विद्यार्थ्यांकडून आदल्या दिवसाची आठवण लिहून घेतली. शिवाय त्याच आठवड्यातली एखादी साधी आठवण, म्हणजे एखादी पार्टी, अभ्यास, असं काहीतरी. मग कुणाला आठवड्याने, कुणाला सहा आठवड्यांनी, कुणाला ३२ आठवड्यांनी पुन्हा विचारलं. दोन्ही आठवणी सारख्याच वेगाने बिघडल्या. फरक एवढाच, की पार्टीबद्दल मुलं म्हणाली, "नीटसं आठवत नाही", आणि हल्ल्याबद्दल म्हणाली, "लख्ख आठवतंय". पुढे वेगवेगळ्या शहरांतल्या हजारो लोकांवर दहा वर्षं अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की मुख्य पडझड पहिल्या वर्षातच होते. त्यानंतर माणूस आपली गोष्ट फारशी बदलत नाही, चुकीची असली तरी तीच सांगतो.

म्हणून "लख्ख" हा शब्द अचूकपणाचा पुरावा धरू नये, एवढंच माझं म्हणणं. कृष्णाकाठ काकांची आठवण लख्खही आहे आणि खरीही. तळ्यांची लख्ख आहे आणि... थांबा, त्यांच्याकडे येतेच.

खडा_सवाल

पटलं. मोकळेपणाने उत्तर दिलंत, आभार.

कांदेपोहे

अवांतर: आमच्या लग्नाला २६ वर्षं झाली. बघण्याच्या कार्यक्रमात मी निळी साडी नेसले होते असं हे म्हणतात, मी म्हणते अबोली. फोटो नाही. दोन्ही सासरमाहेर आपापल्या बाजूला ठाम. ओसरीताई, यावर काही अभ्यास?

चौकार

साडी तिसऱ्याच रंगाची असणार. जोशीकाकांना विचारून सांगतो.

ओसरी

😀

तळे, आता तुमचा प्रश्न. पितळी डबा, कडुनिंब, छातीची धडधड हे तपशील फार नेमके आहेत, आणि असे तपशील बहुतेकदा कुठून तरी आलेले असतात. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी रुबिन यांच्याबरोबर २००१ मध्ये जुळ्या भावंडांवर एक सुंदर अभ्यास केलाय. त्यांना दिसलं, की कितीतरी जोड्यांमध्ये एकाच आठवणीवर दोघंही हक्क सांगतात. सायकलवरून मी पडलो, छे, तू नाही, मीच पडलो. जवळच्या वयाच्या इतर भावंडांतही हे सापडतं. ऐकलेली गोष्ट मनात चित्र होऊन बसते, आणि ती कुणी सांगितली होती तेवढंच पुसलं जातं.

म्हणून विचारते. त्या पहाटे वाड्यात तुमच्या वयाचं दुसरं कुणी मूल होतं का?

सिद्धेश्वर_तळे

दोन दिवस उत्तर दिलं नाही, क्षमस्व.

ओसरीताईंचा प्रश्न वाचला आणि पोटात खड्डा पडला. होतं. माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला ताप होता म्हणून तो आमच्याबरोबर पुण्याला आला नव्हता. तो आता हैदराबादला असतो, वर्षातून एखादा फोन होतो. काल रात्री फोन केला. मी काहीच सुचवलं नाही (पंचनामासाहेब, तुमचं वाचून मुद्दाम), नुसतं विचारलं, "दादा, किल्लारीच्या वेळी काय झालं होतं?"

तो म्हणाला, "डबा पडला ना पितळी. आजोबांनी मला बखोटीला धरून बाहेर नेलं. कडुनिंबाखाली बसलो. मला ताप होता म्हणून त्यांनी छातीशी धरलं होतं, त्यांची छाती नुसती धडधडत होती."

मी गप्प. मग तोच पुढे म्हणाला, "तू पुण्याहून आल्यावर रोज रात्री गच्चीवर मला परत परत सांगायला लावायचास. तुला फार वाईट वाटलं होतं, आजोबांनी तुला नाही उचललं म्हणून."

हे मला अजिबात आठवत नाही.

आम्ही दीड तास बोललो. त्याने आणखी एक सांगितलं, जे माझ्या आठवणीत कधीच नव्हतं. आजोबा त्या वेळी माझं आणि बहिणीचं नाव घेऊन हाका मारत होते. आम्ही घरात नाही, हे ते त्या गडबडीत विसरले होते.

रानजाई

तळे 🙏

कृष्णाकाठ

डोळे भरून आले राव. भावाला वर्षातून एकदा नका करू फोन.

मोगरा_न्यूजर्सी

आणि पुण्यातली पहाट? ती तर खरी तुमची. आत्या आहेत का?

सिद्धेश्वर_तळे

आहे. ८१ वर्षांची आहे, खणखणीत आहे. आज सकाळी तिच्याशी बोललो. ती म्हणते, मिरवणूक बघून आम्ही रात्री दोनला घरी आलो आणि तिने आम्हाला गरम दूध दिलं. धक्का जाणवला तेव्हा मी जागाही झालो नाही, बहिणीने मला हलवलं आणि मी कूस बदलून झोपलो. तिच्याकडे त्या रात्रीचा एक फोटो आहे म्हणे, मी काकांच्या खांद्यावर बसून झोपलोय. रविवारी जातोय बघायला.

कांदेपोहे

फोटो बघितलात की इथे नक्की सांगा. अकरा वर्षांचा मुलगा खांद्यावर? काकांचं कौतुक आहे!